फोटोतला नामा

मी नागावजवळच्या एका भातखाचरातलं बुजगावणं बोलतोय. व्याकरणाने 'बोलतंय' म्हणायला हवं. पण सरकारदरबारी माझी नोंद 'पुरुष, शेतकरी' अशी झाली आहे, तेव्हा चालवून घ्या.

करोनाच्या पहिल्या वर्षी, भाताचे दाणे भरत असताना जनीने मला उभं केलं. दोन बांबू, पेंढा, डोक्याला मडकं आणि अंगात तिच्या नवऱ्याचा, नामाचा, जुना खाकी शर्ट. नामा एरवी ट्रक चालवायचा. साथीत भाडी मिळेनात, म्हणून घरी होता. त्या दिवसांत जो तो मास्कवरून हटकायचा. जनीने वैतागून मलाही मास्क बांधला. "आता याला तरी कोनी काय बोलू नका," म्हणाली.

पाखरं मला सुरुवातीला घाबरली. पुढे माझ्याच खांद्यावर चोच पुसू लागली.

अशात सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. ती आली की पांढऱ्या कांद्याचं बी घ्यायचं, असं नवरा-बायकोने माझ्या पायाशी बसूनच ठरवलं. मग पडताळणीला अलिबागच्या सरकारी कार्यालयातले धनेशसाहेब आले. साथीला इतके भ्यायलेले की मोटरसायकलवरून उतरलेच नाहीत. रस्त्यावरूनच ओरडले, "नामा मोकल तुम्हीच का?"

नामा तेव्हा विहिरीवर होता. वाऱ्याने माझं मडकं हललं.

"जमीन तुम्हीच कसता ना?"

मडकं पुन्हा हललं.

"मास्क आहे, अंतर ठेवलंय, उगाच बडबड नाही. शेतकरी असा पाहिजे!" साहेबांनी खूश होऊन माझा फोटो काढला.

गावात सगळ्यांना मदत आली, नामाला नाही. तो अलिबागला चौकशीला गेला. साहेबांनी संगणकातला फोटो पाहिला, त्यालाही दाखवला. "चेहरा जुळत नाही. दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलता काय?"

नामा घरी आला तो जेवलाच नाही. "जने, फोटोत आपलं बुजगावनं हाय, नि मी मी न्हाय म्हनतात," एवढंच बोलला.

सकाळी जनीने मला मुळापासून उपटलं आणि सिराजुद्दीनच्या रिक्षात दोघांच्या मधे बसवलं. सिराजुद्दीन आरशात बघून म्हणाला, "वहिनी, दोनच माणसं चालतात. पोलीस धरतील."

"सांग, एक जन आजारी हाय." जनीने माझं मडकं नामाच्या खांद्यावर टेकवलं. नाक्यावरच्या पोलिसाने आम्हाला बघितलं आणि चार पावलं मागे सरून हातानेच जायला सांगितलं.

कार्यालयात जनीने मला टेबलासमोर उभं केलं. "सायेब, यो तुमचा नामा. नि यो माजा. काय ते बगा."

साहेबांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कान लाल झाले. "एकदा नोंद झाली की बदलता येत नाही हो," ते हळूच म्हणाले. "यांनाच फोटोसारखं करता आलं तर..."

नामाला मास्क लावला. हात पसरायला लावले. तरी डोकं काही जुळेना. शेवटी जनीने माझं मडकं काढलं आणि नवऱ्याच्या डोक्यावर पालथं घातलं.

"आता जुळतंय! तुम्ही नामा मोकल ना?"

"व्हय!" मडक्यातून आवाज घुमला.

"बोलू नका. फोटोतले बोलत नव्हते. नुसती मान हलवा."

नामाने मान हलवली. सकाळपासून धुमसत असलेली जनी खो खो हसत सुटली आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला. मी कोपऱ्यात बिनडोक्याचा उभा होतो. माझ्याकडे कुणी वेगळ्या नजरेने बघितलंसुद्धा नाही.

पैसे आले. कांदाही लागला.

आता नामा पुन्हा ट्रकवर जातो. पण कुणी नावाने हाक मारली की तो ओ देत नाही, मान हलवतो. "तोंड हाय ना तुमाला?" जनी ओरडते. त्यावरही तो मानच हलवतो.

माझा बांबू वाळवीने पोखरलाय. जनी दर साली पेंढा बदलते, पण आता फार दिवस निघायचे नाहीत. तुम्हाला हात जोडले असते, पण ते बांधलेले आहेत. एकच मागतो. पडताळणीला याल तेव्हा रस्त्यावरून हाका मारू नका. बांध उतरून जवळ या. माणूस असला तर तुम्हाला पाणी विचारेल.

मी असलो, तर नाही विचारणार.