खालच्या भागाला पाणी कुठून?

माझं काम म्हणजे मुलांच्या स्कॅनमधली एकेक नळी रंगवून तिचं चित्र करायचं. डोळ्यांवर व्हीआरचा मोठा चष्मा चढवला, की डॉक्टर थेट पोराच्या पोटात उभे राहतात. अख्ख्या कैरोत माझ्याइतकं स्वच्छ चित्र कुणी करत नाही, असं मीच सांगत फिरायचे. घमेंड होती, नाही कशाला म्हणू?

सहा वर्षांच्या रवानचं एक मूत्रपिंड कॅन्सरपायी आधीच काढलं होतं. उरलेल्याच्या वरच्या भागात गाठ, आणि रक्त आणणारी एकुलती एक नळी त्या गाठीतच गुरफटलेली. "सगळंच काढावं लागेल," डॉक्टर नेरमीन म्हणाल्या. म्हणजे एवढ्याशा पोरीच्या नशिबी आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

आमच्याकडे ऑपरेशनआधी आईबापांनाही चष्मा लावून दाखवतात. रवानचा बाप अतवा, शुब्रा वस्तीतला प्लंबर; कारागीर म्हणून सगळे त्याला 'उस्ता' म्हणत. चष्मा घालताच "या रब, देवा!" म्हणाला, मग गुडघ्यांवर बसून हवेतच बोटानं एकेक नळी चाचपायला लागला.

"डॉक्टर, या खालच्या भागाला पाणी कुठून येतं?"

"पाणी नव्हे उस्ता, रक्त!" मी फटकारलं.

"तेच ते, मॅडम. लाइनच नाही, तर हा भाग जिवंत कसा?"

मला आठवलं. तिथं केसाएवढी पुसट रेघ होती. डाग समजून मीच ती पुसली होती, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. गप्प बसावंसं फार वाटलं.

"डॉक्टर, तिथं रेघ होती," मी म्हणाले. "मी पुसली."

त्यांनी मूळ स्कॅन उघडला, बराच वेळ पाहिला. "दुसरी नळी आहे. खालचा अर्धा भाग वाचेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझ्याशी नंतर बोलते."

बाहेर उस्ताची माफी मागितली. तो म्हणाला, "मीपण एकदा चालू पाइप बंद समजून कापला होता, मॅडम. अख्खी इमारत भिजली. मी खापर नगरपालिकेवर फोडलं. तुम्ही बोललात तरी."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी गेले, तर तो रवानच्या खाटेला टांगलेल्या पिशवीसमोर उकिडवा बसलेला. पिशवीत पिवळं पाणी थेंबथेंब उतरत होतं.

"मॅडम, लाइन चालू!" तो ओरडला.

मी त्या लघवीच्या पिशवीशेजारी फतकल मारली आणि ढसाढसा रडले.