बाळंतीण सुखरूप आहे का?

देविकाचं बाळ चार महिन्यांचं झालं होतं आणि घरात रोज सकाळी एकच तंटा चालायचा. आवाज चढवून नव्हे, सासूसुना दोघी समजूतदार होत्या. पण सरलाबाई डिंकाचा लाडू बशीत घेऊन बैठकीच्या दारात उभ्या राहायच्या आणि आत सून मोबाइल समोर ठेवून उड्या मारत असायची. मोबाइलमधली सडपातळ मुलगी हसत हसत आणखी उड्या मारायला सांगायची. लाडू तसाच डब्यात परत जायचा.

"अगं, बाळंतिणीनं अशा उड्या मारायच्या असतात का?" सरलाबाई म्हणायच्या.

"आई, मला बँकेत परत जायचंय. एकपण कपडा बसत नाही," देविका धापा टाकत सांगायची. तीही झाशीचीच मराठी मुलगी, बोलता बोलता हिंदीत जायची. "त्या दिवशी हळदीकुंकवाला सगळ्यांनी विचारलं, पोट अजून गेलं नाही का? सब लोग वही देखते हैं."

यावर सरलाबाईंचं उत्तर ठरलेलं असे. आमच्या वेळी असं नव्हतं.

आणि खरंच नव्हतं. मुलाच्या, सलीलच्या वेळी त्या ओरछा गेटजवळच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होत्या. थंडीचे दिवस. शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या की खोलीभर उबदार धूर पसरायचा. शेजारच्या तिवारीण चाची मडक्यात औषधी मुळ्या उकळून केलेलं पाणी रोज स्वतः घेऊन यायच्या आणि उशाशी बसून म्हणायच्या, "लो बिन्नू, चरुआ को पानी पी लो." दुपारी गच्चीवर गल्लीतल्या बायका जमायच्या. एक बाळाला घ्यायची, दुसरी सरलाच्या केसांना तेल लावायची, तिसरी कुणाची तरी नक्कल करायची. त्या उन्हात सरलाला जी झोप लागायची, तशी झोप पुन्हा आयुष्यात लागली नाही. बाळंतपणाच्या त्या सव्वा महिन्याची आठवण सरलाबाई इतक्या वेळा सांगत, की निवृत्त झालेल्या नवऱ्याला, वामनरावांना, ती तोंडपाठ झाली होती. तरी ते दर वेळी मान डोलवत ऐकायचे.

आता इलाइट चौराह्याजवळच्या फ्लॅटमध्ये समोरच्या दारामागे कोण राहतं तेही धड ठाऊक नव्हतं. सलील सकाळी कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला यायचा. सरलाबाईंनी हौसेनं शेगडी आणवली, लाडू वळले, मालीशवाली लावली. पण गच्चीवरच्या त्या बायका कुठून आणणार?

एके दिवशी सरलाबाईंनी वरणाला फोडणी दिली आणि मिरचीचा खाट घरभर उठला. देविका ओट्याशी उभी होती. तिला जोराचा ठसका लागला. तिनं पटकन एक पाय दुसऱ्यावर घट्ट आवळून घेतला, ओट्याची कड धरली, आणि ठसका थांबताच कुणाकडे न बघता न्हाणीघराकडे धावली.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. सरलाबाईंच्या मात्र हातातला डाव तसाच राहिला. पाय आवळून उभं राहायची ती रीत त्यांची स्वतःची होती! सलील झाल्यापासूनची. शिंक आली, खोकला आला, जड बादली उचलली, की लुगडं ओलं व्हायचं. म्हणून त्या लग्नाकार्याला जाताना सकाळपासून पाणी पीत नसत. ओरछ्याला जायचा बेत ठरला की त्यांचे गुडघे दुखू लागत. पिशवीत एक जादा परकर नेहमी असे. एकदाच, फार पूर्वी, त्यांनी सासूबाईंना सांगून पाहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बायकांना असायचंच असलं काही."

देविका कपडे बदलून बाहेर आली. डोळे लाल होते. सरलाबाईंच्या ओठांवर तेच वाक्य आलं, अगदी त्याच शब्दांत. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"कधीपासून होतंय?" त्यांनी हळूच विचारलं. "मला सांग. मलाही होतं."

"तुम्हाला? अभी भी?" देविका खाली बसली आणि रडू लागली. "आई, मला वाटलं वजन उतरलं की बंद होईल, म्हणून जास्त उड्या मारते. पण त्यानं आणखीच होतं. बँकेत काउंटरवर बसायचं कसं? रात्री झोप नाही, बाळ रडलं की मलाही रडू येतं. सलीलला काय सांगू?"

दुसऱ्याच दिवशी वामनरावांना बाळासह बाहेरच्या बाकावर बसवून सासूसुना डॉक्टर आभांच्या दवाखान्यात शिरल्या. आभा फिजिओथेरपिस्ट होत्या, आणि त्यांनी पोटाचं नावही काढलं नाही. झोप किती मिळते, जेवण काय, मन कसं असतं, दिवसभर बोलायला कोण असतं, हे सगळं आधी विचारलं. मग नीट तपासणी केली.

"लड्डू, मालिश, सब अच्छा है, माताजी," त्या म्हणाल्या. "पण गरोदरपणाचा आणि प्रसूतीचा सगळा भार ज्या स्नायूंनी पेलला, त्यांची चौकशी कोणी करत नाही. ते सैल पडलेत. आत्ताच उड्या मारून त्यांच्यावर आणखी ताण येतो. आधी श्वासाबरोबर ते आवळायला शिकायचं, मग चालणं, मग बाकी सगळं. और इसे नींद चाहिए. दुपारी बाळ दुसऱ्यानं सांभाळायचं. रडू थांबलं नाही तर मनाच्या डॉक्टरकडेही जायचं, त्यात लाज कसली? शरीर, मन, घर वेगवेगळं करून आई बरी होत नाही."

सरलाबाईंना गच्चीवरचं ऊन आठवलं. आपल्याला तेव्हा जे मिळालं ते खरंच औषध होतं, आणि एक औषध मात्र राहूनच गेलं, हे त्यांना आज कळलं. त्यांनी पदर सावरला.

"डॉक्टरजी, और मेरा? इस उमर में कुछ होता है?"

"बिल्कुल होता है. आप भी लेटिए, देखती हूँ."

बाहेर आल्यावर देविका बाळाला दूध पाजायला आडोशाला गेली. वामनरावांनी विचारलं, "काय म्हणाली डॉक्टर?" आणि सरलाबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सगळं सरळ सांगून टाकलं.

वामनराव बाकावर त्यांच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "सलील झाला आणि तुझं मोठ्यानं हसणं बंद झालं. आधी गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं. सगळे म्हणाले, पोक्त झाली. मला वाटायचं, माझ्या घरात तू सुखी नाहीस. विचारायचा धीर झाला नाही कधी."

"हसले की व्हायचं हो," सरलाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वाचकहो, बाळाचं वजन आपण भेटेल त्याला विचारतो, बाळंतिणीचं पोट डोळ्यांनी मोजतो. लाडू जरूर द्या, शेक द्या, तिच्या वाटणीचं काम हातात घ्या. पण त्याआधी तिच्याजवळ बसून विचारा, तुला कुठं काय होतंय? आणि ती सांगेल त्याला 'असायचंच' म्हणू नका. एवढं एका घरात कुणी विचारलं नाही, म्हणून दोन चांगली माणसं जन्मभर एकमेकांशेजारी मनातून कष्टी राहिली.