पंच्याहत्तरच्या आत

ट्रकचा वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी पूलच. त्यावर गाडी उभी राहिली की शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर आकडा उमटतो, आणि मग मालकाचं चालत नाही की ड्रायव्हरचं. त्या खोलीत ताई अकरा वर्षं बसत होती. समोर सगळे तिला काटेवाली ताई म्हणत आणि पाठीमागे दहाटनी. दोन्ही नावं तिच्या कानावर होती. दोन्हीला ती ओ देत नसे.

"ओ ताई, सोडा ना. बसतंय की वजन मर्यादेत," खिडकीशी उभा ड्रायव्हर म्हणाला.

"स्टेपनी कुठाय?"

"कसली स्टेपनी?"

"तुझ्या गाडीची. गेटाबाहेर उतरवून आलायस. पाण्याचा ड्रमही ओतून आलायस, मागचा सगळा रस्ता ओला झालाय. जा, सगळं घेऊन ये आणि मग काट्यावर चढ."

"तुमच्या डोळ्यांत काय देव बसलाय का हो?"

"देव नाही बाबा. अकरा वर्षं बसलीत."

असे सगळे डाव तिला पाठ होते. ओझं तसंच ठेवून आकडा तेवढा खाली आणायच्या किती वाटा असतात, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. माणसाला जी विद्या येते तीच एखाद्या दिवशी त्याला बुडवते. पण ते पुढे.

ताईचा धाकटा भाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. एकोणचाळिसाव्या वर्षी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मशिनीतून रक्त धुऊन घ्यायचं आणि तेवढ्यावर जगायचं. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. आईवडील कधीच गेलेले. ताईचं मात्र सगळं जुळलं, एक सोडून. ताई होती एकशे अठरा किलो.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "तुमच्या उंचीला पंच्याहत्तरच्या आत यायला हवं. आणि आम्हाला आकडा ऑपरेशनपुरता नकोय, ताई. उद्या तुमच्याकडे एकच मूत्रपिंड असेल. ते तुम्हाला जन्मभर पुरवायचंय. वजन उतरवून भागणार नाही, ते उतरलेलं राहायला हवं."

ताईला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. पंच्याहत्तर.

सोळा महिन्यांत ती एकोणसत्तरवर आली. कशी आली ते तिचं तिलाच माहीत. सकाळी काट्यावर पोचायच्या आधी सहा किलोमीटर चालायची. डब्यात उकडलेली अंडी, काकडी आणि पावाचा एक तुकडा. ड्रायव्हर लोक खिडकीशी थांबून बघायचे. "ताई, अर्धा माल उतरवलात की! आता दहाटनी म्हणायची सोय नाही राहिली." भावजय तर दर महिन्याला तिचे कपडे आत घालून द्यायची, टाके घालता घालता रडायची आणि म्हणायची, "ताई, तुम्ही माझं कुंकू शिवताय." ऑपरेशनची तारीख ठरली.

तारखेच्या आधी आठ दिवस भावाच्या छातीत पाणी झालं. तारीख चार महिने पुढे गेली. चार महिन्यांनी त्याच्या हृदयाच्या तपासणीत काहीतरी निघालं. मग फुप्फुसावर डाग दिसला, त्याच्या गोळ्यांचे नऊ महिने. अशी अडीच वर्षं गेली. भाऊ मशिनीला बांधलेला राहिला आणि ताई एकोणसत्तरला.

देऊळ बांधून कळस चढतो त्या दिवशी गाव लोटतं हो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी झाडू घेऊन कोण येतं? उतरणीचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. पुढे टिकवण्याला कोणी टाळी वाजवली नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कालही एकोणसत्तर, आजही एकोणसत्तर. आणि भूक तीच. उलट जास्त. ताईला वाटलं होतं, एकदा उतरलं की जीव सुटेल, चार घास जास्त खाता येतील. पण आहार सांगणारी बाई म्हणाली, "शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. जुनं वजन ते विसरत नाही. तुमच्याएवढ्याच वजनाची दुसरी बाई जेवढं खाते, तेवढं तुम्हाला चालायचं नाही. बरीच वर्षं नाही, कदाचित कधीच."

"म्हणजे जन्मभर अर्धपोटी?"

"जन्मभर सांभाळून," ती म्हणाली. शब्द बदलून पोट थोडंच भरतं?

रात्री डोळे मिटले की ताईला पाव दिसायचा. साधा, कालचा, कडक सालीचा. एका दुपारी काट्याच्या मागच्या खोलीत, जिथे जुन्या पावत्यांचे गठ्ठे असतात तिथे, तिने उभ्याने आख्खा पाव खाल्ला. चावलाही नाही, नुसता आत ढकलला. मग ओठ पुसून खिडकीशी येऊन बसली आणि पुढच्या गाडीला विचारलं, "माल काय?" पंधरा दिवसांनी पुन्हा. मग आठ दिवसांनी. एकाहत्तर झालं, साडेत्र्याहत्तर झालं. ती आणखी चालू लागली तर गुडघ्याने दगा दिला. पंच्याहत्तर ओलांडलं त्या दिवसापासून तिने वजन करणंच सोडलं.

"ताई, वजन ठीक ना?" भावजय विचारायची.

"ठीक आहे गं. मला काय धाड भरलीय?"

आणि एके दिवशी दवाखान्यातून फोन आला. भावाचे सगळे रिपोर्ट एकदाचे चांगले आले होते. वीस तारखेला ऑपरेशन, बारा तारखेला ताईचं वजन आणि रक्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यावेळी लांबवू नका. त्याच्या हातांच्या शिरा संपल्यात, मानेतल्या बंद पडल्यात. आता मांडीतून नळी घातलीय. त्यापुढे नळी घालायला जागा नाही."

ताईने खोलीतल्या, पार्सलं तोलायच्या लहान काट्यावर पाय ठेवला. सत्त्याहत्तर किलो आठशे ग्रॅम. हातात पाच दिवस.

ती खरं सांगू शकली असती. सांगायला तोंड उघडायचं होतं, एवढंच. पण अकरा वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडलेल्या बाईला स्वतःची कबूल करणं फार जड जातं. तिच्या कपाटात जुन्या गोळ्या होत्या, जाडी असताना पाय सुजायचे तेव्हाच्या. पाण्याच्या गोळ्या, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या. तीन दिवस तिने त्या घेतल्या. शेवटचे दोन दिवस पाण्याचा घोट नाही, अन्नाचा कण नाही. जीभ लाकडासारखी झाली, उठताना भिंत धरावी लागली. ती मनात म्हणत राहिली, देवा, एवढं एकदा. एकदा माझं मूत्रपिंड भावाच्या पोटात जाऊ दे, मग काय करायचं ते कर माझं.

बारा तारखेला काटा थांबला चौऱ्याहत्तर किलो सहाशेवर.

"वा!" नर्सबाईंनी खरंच टाळी वाजवली. "अडीच वर्षं टिकवलंत! आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांना नाही हो जमत."

ताई हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी ती टाळी तिला गोड लागली. हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी होती. "रक्तात एक आकडा वर गेलाय. तुमची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीयेत असं दिसतंय. काही गोळ्या घेतल्या? जुलाब, उलट्या? पाणी कमी पडलं?"

तिथे दार उघडं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः उघडून धरलं होतं.

"नाही," ताई म्हणाली.

"मग आठवड्याने पुन्हा बघू. ऑपरेशन तेवढं पुढे ढकलते. रक्त आणि वजन, दोन्ही."

आणि वजन! ते दोन शब्द ऐकले नि ताईचा पाय खोलात गेला. बारा तारखेला घरी येऊन पाणी पिताच आकडा पुन्हा सत्त्याहत्तरवर गेला होता. आठवड्यात तीन किलो कुठून उतरवणार? गोळ्यांचं अर्धं पाकीट उरलं होतं. पहिल्यांदा निभावलं ना, तिला वाटलं. रक्ताचं काय, होईल खाली आपोआप. रक्ताचा आकडा आणि काट्याचा आकडा एकाच पाण्याला बांधलेत, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ट्रक रिकामा केला तर त्याचं इंजिन नासत नाही. अकरा वर्षांत तिने फक्त ट्रक पाहिले होते.

दुसऱ्या तपासणीला वजन चौऱ्याहत्तर नऊशे भरलं. रक्ताचा आकडा पहिल्यापेक्षा वाईट.

मोठ्या डॉक्टरांची बैठक बसली आणि ताईचं नाव दात्यांतून काढलं. दहा दिवसांत दोनदा बिघडलेलं मूत्रपिंड कोणी काढून दुसऱ्याला लावत नाही. ते ऐकलं तेव्हा मात्र ताई खुर्चीवरून खाली फरशीवर बसली आणि सगळं बोलली. गोळ्या, पाणी, मागची खोली, पाव. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी विचारलं होतं तुम्हाला," त्या हळू म्हणाल्या. "सत्त्याहत्तर आहे म्हणाला असतात, तर मी बैठकीत भांडले असते. दोन-तीन किलोंसाठी वाट काढता आली असती, ताई. आता कशी काढू? तुमचं मूत्रपिंड सावरेल की नाही, बघावं लागेल. सहा महिने. वजन खरोखर स्थिर हवं, दर पंधरा दिवसांनी रक्त."

"त्याच्याकडे सहा महिने आहेत?"

त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवली.

भाऊ मशिनीला लावलेला होता तेव्हाच ताईने त्याला सांगितलं. पळून जाता येऊ नये म्हणून, तिला की त्याला कोण जाणे. तो डोळे मिटून ऐकत राहिला. नळीतून रक्त बाहेर जात होतं, आत येत होतं.

"भूक लागायची का गं फार?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. किती उतरलं, किती राहिलं, सगळ्यांनी विचारलं होतं.

"लहानपणी माझ्या ताटातला पाव पळवायचीस," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं, ही भुकेची कच्ची आहे."

"मार मला. पण असं बोलू नकोस."

"मारायला उठता येतंय का मला?" तो हसला, मग खोकला. "सहा महिने ना? बघू. मी इथे टिकतो, तू तिकडे टिकव. दोघांची नोकरी सारखीच."

कोपऱ्यात बसलेल्या भावजयीने मात्र सगळं ऐकलं होतं. ती उठली, पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेली. त्या दिवसापासून ती ताईशी बोलली नाही. शिव्या नाहीत, शाप नाहीत. दार उघडायची, वाट सोडून बाजूला व्हायची. ताईच्या कपड्यांना ज्या हातांनी टाके घातले होते, ते हात आता पदराखाली असायचे.

ताईने टिकवलं. खरोखर टिकवलं. काट्याच्या मागच्या खोलीची किल्ली तिने मालकाकडे देऊन टाकली. दर आठवड्याला दवाखान्यात फोन करून खरा आकडा सांगू लागली, वाढला तरी. एकदा शहात्तर, एकदा साडेचौऱ्याहत्तर, एकदा रडत रडत साडेशहात्तर. पलीकडून नर्सबाई म्हणायच्या, "लिहिलं. पुढच्या आठवड्यात बोलू." टाळी नाही, टोमणा नाही. त्या रुक्ष "लिहिलं"वर तिचे सात दिवस निघायचे. रक्ताचा आकडा हळूहळू खाली आला. देवाने शरीर मोठं क्षमाशील केलंय. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

तो वेळ भावाकडे नव्हता. चौथ्या महिन्यात मांडीतल्या नळीतून जंतू रक्तात शिरले. तीन दिवस ताप उतरला नाही. चौथ्या दिवशी दुपारी, ताई काट्यावर एका गाडीची पावती फाडत असताना, फोन आला. भाऊ गेला, नर्सबाई म्हणाल्या.

सगळं आटोपल्यावर शेजारपाजारच्यांनी जेवण आणून ठेवलं, तशी रीत जगात सगळीकडे असते. दोन दिवस कोणी त्याला शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी लोक पांगले आणि स्वयंपाकघरात दोघीच राहिल्या. भावजयीने ताट घेतलं. पाव, बटाटे, मांस, वर आणखी पाव. ढीग केला आणि ताईपुढे आदळला.

"खा," ती म्हणाली. एकशे अकरा दिवसांनंतरचा तिचा पहिला शब्द. "खा आता पोटभर. आता कोणासाठी मोजायचंय?"

त्यात विष होतं की माया, ते ताईला कळलं नाही. बहुधा भावजयीलाही नसेल. ताई खाऊ लागली. मागच्या खोलीत खाल्लं तसंच, न चावता, मान वर न करता. ताट संपलं. तिने स्वतःच पातेल्यात हात घातला, पुन्हा वाढून घेतलं. पोट दगडासारखं झालं तरी आतून कोणी बस म्हणेना. तिसऱ्यांदा हात पुढे झाला, तेव्हा तो मनगटाशी घट्ट धरला गेला.

"पुरे," भावजय म्हणाली. तिचा आवाज फाटला. "ताई, पुरे. टिकव म्हणाला होता ना तो तुम्हाला?"

ताईने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण भावजय सोडेना. टेबलावर बटाट्याचा तुकडा पडला होता आणि दोघी त्याच्याकडे बघत होत्या. मग भावजय तिच्या मनगटाला कपाळ टेकवून रडू लागली, आणि ताईने दुसऱ्या हाताने, खरकट्याच हाताने, तिच्या केसांवरून हात फिरवला.