स्टेजवरची एकुलती एक फ्रेम

आमच्या विद्यापीठात दर वर्षी सहा माजी विद्यार्थ्यांचा सन्मान होतो आणि फ्रेम एकच असते.

हे बाहेर कुणाला माहीत नाही. सन्मानपत्रं मढवून देणारा माणूस कधीच वेळेवर देत नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं. म्हणून तात्पुरता उपाय काढला: कुठल्याशा जुन्या क्रीडास्पर्धेचं प्रशस्तिपत्र असलेली एक फ्रेम वापरायची. हा तात्पुरता उपाय आता एकोणीस वर्षांचा झाला आहे. पाहुणे स्टेजवर ती फ्रेम घेतात, फोटो निघतो, टाळ्या पडतात आणि ते डावीकडच्या विंगेत येतात. तिथे मी उभा असतो. मी फ्रेम काढून घेतो, रजिस्टर पुढे करतो आणि पडद्यामागून पळत ती उजवीकडे पोचवतो, पुढच्या पाहुण्यासाठी. चाळीस सेकंद लागतात. गुडघा दुखत असेल तर पंचेचाळीस. खरी फ्रेम नंतर पोस्टाने जाते. कुणी धरणं बांधलेली, कुणी हृदयं उघडून पुन्हा शिवलेली अशी ही माणसं, पण न मिळालेल्या वस्तूची पोच सगळे निमूट देतात.

सन्मानपत्रातला मजकूरही मीच लिहितो. एकशेवीस शब्द. साठ व्यावसायिक कर्तृत्वाचे, साठ समाजसेवेचे. खाली सही समितीच्या अध्यक्षांची.

यंदाच्या यादीत चौथी होती पक्कड.

पक्कड म्हणजे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी. तिच्या पिशवीत वही एखाद वेळी नसायची, पक्कड कायम असायची. माझ्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे मी प्रॅक्टिकलभर डुलत असे. "ए लंबक, स्थिर बस ना, माझं रीडिंग चुकतंय," ती म्हणायची. एकदा तिनं मला सरळ उठवलं, स्टूल उलटं केलं आणि आखूड पायाला बाटलीचं रबरी बूच ठोकून बसवलं. स्टूल डुलायचं थांबलं. मी थांबलो नाही, पण ते तिला सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "पत्र टाक. आणि मसुदे करत बसू नकोस, तुझा स्वभाव मला माहितेय."

मी अकरा मसुदे केले. बारावा जमला तोवर तिचा पत्ता बदलला होता.

ती आता लांबच्या एका शहरात कृत्रिम पाय बनवते. रविवारी एका शेडमध्ये बसून कुणाचेही जुने पाय फुकट दुरुस्त करून देते. हे सगळं अर्जात होतं. अर्जात नव्हतं ते वाक्य मी घातलं: 'त्यांनी नीट केलेला पहिला पाय याच विद्यापीठातल्या एका स्टुलाचा होता.'

हे वाक्य जगात दोनच माणसांना कळणार होतं. तिनं ते ऐकावं, लिहिणारा ओळखावा आणि एकदा मला लंबक म्हणून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. बत्तीस वर्षांत त्या नावानं मला कुणी बोलावलेलं नाही. ऑफिसात मला 'अहो फ्रेमवाले' म्हणतात.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हे स्टूल कशाला?"

"आठवण म्हणून, सर."

"म्हणजे आपलं फर्निचर मोडकं होतं, हे आपणच वाचून दाखवायचं? कुलगुरूंच्या समोर?"

"फार जुनी गोष्ट आहे, सर."

"पण फर्निचर तेच आहे ना!" हे खरं होतं. त्यांनी लाल रेघ मारली. "त्याऐवजी ते ज्ञानाची ज्योत वगैरे टाका."

"ती गेल्या वर्षी दोघांना दिली."

"मग हिलाही द्या. ज्योत काय संपते?"

घरी मी आणि ताई, दोघंच. ताई रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली, घरातून अजून व्हायची आहे. मी शर्टाला इस्त्री करत होतो, ती बघत होती.

"विंगेतल्या अंधारात इस्त्री कुणाला दिसणार रे?"

"असू दे गं."

"ती येतेय ना? मग बोल तिच्याशी सरळ."

"चाळीस सेकंदच असतात, ताई."

"तुला तेवढेही जड जातील."

समारंभाच्या सकाळी मी सूत्रसंचालिकेला कागद दिले. पक्कडचा कागद रेघ मारण्याआधीचा होता. एकोणीस वर्षांत वरिष्ठांची रेघ मी पहिल्यांदाच ओलांडली.

ती स्टेजवर आली. केस पांढरे, चाल तीच, कुठेतरी काहीतरी मोडलंय आणि आपल्याला बोलावलंय अशी. सन्मानपत्र वाचलं गेलं. स्टुलाच्या वाक्याला सभागृह हसलं. ती हसली नाही. हातात फ्रेम धरून ती समोरच्या खुर्च्यांकडे बघत राहिली. पहिली रांग, दुसरी, तिसरी. फोटोग्राफर "मॅडम, इकडे" म्हणत होता आणि तिचे डोळे एकेक रांग मागे सरकत होते.

मी तिच्या मागे सहा पावलांवर, पडद्याच्या आड, दोन्ही हात पुढे करून उभा होतो. फ्रेमसाठी.

ती विंगेत आली. उजेडातून अंधारात येणाऱ्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही, आणि मला तर आता केसही नाहीत.

"फ्रेम," मी म्हणालो. बत्तीस वर्षांनी तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

"परत घेता होय? बरं." तिनं फ्रेम दिली. मी रजिस्टर आणि पेन पुढे केलं. "अहो, तो मजकूर कुणी लिहिला?"

"समिती लिहिते." एकोणीस वर्षं हेच उत्तर देतोय. जीभ माझ्या आधी बोलून गेली.

"समितीत आमच्या वर्गातलं कुणी आहे का?"

तेवढ्यात पाचवं नाव पुकारलं. फ्रेम माझ्या हातात होती. "एक मिनिट हं," मी म्हणालो आणि पळालो. त्या दिवशी गुडघा दुखत होता.

परत आलो तेव्हा विंगेत रजिस्टर होतं, त्यावर पेन होतं. विमानाची वेळ झाली म्हणून तिला लगेच गाडीत बसवून विमानतळाकडे नेलं होतं. सही होती. शेऱ्याच्या रकान्यात सगळे 'आभारी आहे' लिहितात. तिनं लिहिलं होतं: 'लंबक आला होता का? मी सगळ्या रांगा पाहिल्या.'

समारंभानंतर अध्यक्ष खुशीत होते. "कुलगुरूंना स्टूल फार आवडलं. मला विचारत होते, सुचलं कसं?"

"काय सांगितलंत, सर?"

"म्हटलं, सुचतं."

आमच्या कक्षाचा एक नियम आहे. रजिस्टरच्या शेऱ्यात कुणी काही विचारलं, तर सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. एकोणीस वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून तो कधी वापरला गेला नव्हता. आता नियमानं मला पत्र लिहायला लावलं होतं.

तरी पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी तिची खरी फ्रेम मढवून आली. दुपारी मी कोरा कागद घेऊन प्रयोगशाळेत गेलो. प्रॅक्टिकल चालू होतं. खिडकीजवळचं स्टूल रिकामं होतं. उलटं करून पाहिलं. बूच दगडासारखं टणक झालं होतं, पण जागेवर होतं.

"काका, काही हवंय का?" एका मुलीनं विचारलं.

"नाही गं. तुमचं चालू द्या."

मी त्यावर बसलो आणि एका दमात लिहिलं. 'आलो होतो. तुझ्या हातातून फ्रेम घेतली तो मीच. स्टूल अजून डुलत नाही.' खाली अध्यक्षांच्या सहीची जागा सोडली नाही. लंबक असं लिहिलं आणि दुसऱ्यांदा वाचण्याआधी कागद दुमडला.

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पार्सल उलटसुलट करून बघितलं.

"आत काय आहे?"

"पत्र."

"एवढं मोठं?"

"बाकी सगळी फ्रेम आहे," मी म्हणालो.