हाताचा गुण

अस्मिताच्या हाताला गुण आहे, असं नागपुरात लोक म्हणत. सरकारी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून तिने सहा वर्षं काढली होती आणि पेशंट आधी तिची ड्यूटी कधी आहे ते विचारून मगच यायचे. दोन हजार तीन साली नवऱ्याच्या, सत्यजितच्या, नोकरीपायी ती अमेरिकेत रेडमंडला आली. तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सहा वर्षं लोकांचे खांदे आणि गुडघे हलते केलेले हात मग पोळ्या लाटण्यात आणि लायब्ररीची पुस्तकं परत करण्यात गुंतले.

म्हणूनच पुढच्या हिवाळ्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून सत्यजितची मान धरली, तेव्हा अस्मिताच्या अंगात जरा जीव आला. मान कुठवर वळते ते तिने मोजलं. रोज शेक दिला, अंगठ्याने दाबून दाबून स्नायूतली गाठ शोधून काढली. सात व्यायामांचा एक कागद केला. प्रत्येक व्यायामाचं चित्र स्वतः काढलं, त्यातल्या बाईला एक लांब शेपटा दिला, आणि कोपऱ्यात मराठीत लिहिलं, 'रोज दोनदा'. सत्यजितने तो कागद ऑफिसच्या बॅगेत टाकला. दोन दिवस व्यायाम झाले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज राहू दे यार, सॉफ्टवेअर रिलीज आहे." असं करत करत चार महिने गेले. मान होती तिथेच होती.

मग त्याच्या टीममधल्या अतुलने त्याला एका चिनी बाईंचं क्लिनिक सुचवलं. लाँड्री आणि तेरियाकी या जपानी जेवणाचं दुकान, यांच्या मधल्या गाळ्यात मिसेस ल्यू सुया टोचून उपचार करत.

"सुया टोचून मान बरी होणार?" अस्मिता हसली.

"बघू तरी," सत्यजित म्हणाला. "तसंही काही होत नाहीये."

तिसऱ्या सिटिंगनंतरच्या रविवारी ते दोघं भाजी आणायला गेले. परतताना गाडी रिव्हर्स घेण्यासाठी सत्यजितने सहज मान वळवून मागे पाहिलं. चार महिने तो त्यासाठी कमरेपासून सगळं अंग फिरवत होता. शेजारच्या सीटवरून अस्मिताने ते पाहिलं. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही; घर येईपर्यंत ती मांडीवरच्या पिशवीतली कोथिंबीर निवडत राहिली.

एकदा अंघोळीनंतर तो शर्ट घालत असताना त्याच्या पाठीवर तिला सहा-सात गोल, जांभळे डाग दिसले. मिसेस ल्यू काचेचे पेले गरम करून पाठीवर पालथे लावत, त्यांचे ते वण होते.

"दुखतं का रे?"

"छे, मस्त वाटतं. मला तर तिथे झोपच लागते."

तिच्या हाताखाली तो कधी झोपला नव्हता. 'हळू गं' म्हणायचा आणि घड्याळाकडे बघायचा.

"कशा आहेत दिसायला?" तिने विचारलं.

"कोण? त्या? असतील साठीच्या. आपल्या मीनाक्षी काकूंसारख्या."

बाई तरुण आणि देखण्या असत्या तर भांडायला तरी तोंड होतं. साठीच्या बाईंबद्दल पोटात काय दुखतंय, हे कुणाला सांगणार? त्या दिवसापासून तिला ते डाग दिसले की त्यावरून ओल्या टॉवेलने घासावंसं वाटे.

पुढच्या शनिवारी अतुलकडे सगळे जेवायला जमले होते. सत्यजित मान डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवत होता. "चार महिने हैराण होतो. तीन सिटिंग्ज, आणि बघा."

"अरे, पण वहिनी फिजिओ आहेत ना?" अतुलने विचारलं.

"हो, म्हणजे, तिनेही केलं थोडंफार."

अस्मिता तेव्हा मसालेभाताचं भांडं घेऊन उभी होती. थोडंफार. तिने सगळ्यांना भात वाढला आणि कुणाला तूप हवं का विचारलं.

सोमवारी सकाळी घरी फोन आला. मिसेस ल्यूंच्या क्लिनिकमधली मुलगी गुरुवारच्या अपॉइंटमेंटची आठवण करून देत होती.

"त्यांना आता यायचं नाहीये," अस्मिता इंग्रजीत म्हणाली. "गुरुवारची कॅन्सल करा. पुढच्याही सगळ्या."

फोन ठेवून तिने कणीक मळायला घेतली. संध्याकाळी सत्यजितला तिने सांगितलं, "क्लिनिकमधून फोन होता. त्या चायनाला गेल्यात, महिनाभर नाहीत." त्याने "ओह" म्हटलं आणि बूट काढायला लागला.

दोन आठवड्यांनी त्याची मान पुन्हा धरली, आणि पहिल्यापेक्षा वाईट धरली. सकाळी तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला, टीशर्ट डोक्यातून घालता येईना. "अस्मिता," त्याने हाक मारली, "जरा ये ना."

त्या हाकेसरशी तिला जे वाटलं ते आनंदाहून वेगळं काही नव्हतं. तिने शेक दिला, हात धुऊन तेल घेतलं, बाह्या वर सारल्या. चार दिवस तो तिच्या ताब्यात होता. कुरकुर नाही, घड्याळ नाही, सांगेल ते ऐकत होता. चार दिवस ती गुणगुणत स्वयंपाक करत होती.

पाचव्या दिवशी तो बाथरूममध्ये चूळ भरताना वाकला आणि तसाच राहिला. चेहरा पांढरा पडला होता, बेसिनची कड दोन्ही हातांनी धरली होती. तिने त्याला हळूहळू सरळ करून निजवलं. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी होतं. कुठल्याही पेशंटचा गुण येत असलेला उपचार तिने सहा वर्षांत कधी तोडला नव्हता. ज्या बाईशी तिचं पटत नव्हतं, त्या सिनिअरकडेसुद्धा तिने पेशंट पाठवले होते. तिने गाडीची किल्ली घेतली आणि "आलेच" म्हणून निघाली. बाहेर नेहमीचा रिपरिप पाऊस होता.

क्लिनिक तिच्या कल्पनेपेक्षा लहान होतं. सुकवलेल्या मुळ्यांचा कडसर वास येत होता. भिंतीवर राज्याचं लायसन्स फ्रेम करून लावलं होतं, आणि अस्मिताची नजर आधी तिथेच गेली. नाव, नंबर, शिक्का. आपल्याला इथे न मिळणारं ते सगळं वाचताना आपण कशाला आलोय तेच ती क्षणभर विसरली.

मिसेस ल्यू बुटक्या होत्या, राखाडी स्वेटर घातला होता. अस्मिताने आपण कोण ते सांगितलं, आणि मग फोनवर खोटं बोलल्याचंही सांगून टाकलं.

त्यांनी वही उघडून बोट फिरवलं. "आज चार वाजता आणा," त्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या. "एवढे दिवस व्यायाम केले का त्याने?"

"कुठले व्यायाम?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक झेरॉक्स काढून पुढे ठेवली. लांब शेपट्याची बाई. सात चित्रं. कोपऱ्यात, जरा पुसट, 'रोज दोनदा'.

"सुई स्नायू सैल करते, दोन-तीन दिवस. तेवढ्यात व्यायाम नाही केला तर पुन्हा घट्ट. म्हणून मी इथेच करून घेते, माझ्यासमोर. फार चांगला कागद आहे. मी दुसऱ्या पेशंटनाही देते." त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? इंटरनेटवरून घेतलं म्हणाला, पण ही लिपी मला कळत नाही."

"रोज दोनदा," अस्मिता म्हणाली. "हे मी काढलंय."

मिसेस ल्यूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग पेन पुढे केलं. "मग नाव घाला. मी नवीन झेरॉक्स काढते."

अस्मिताने नाव लिहिलं. पुढे डिग्री लिहिली. अक्षर वाकडं आलं.

चार वाजता सत्यजितला घेऊन जाताना सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा तिने सांगितलं. "त्या चायनाला गेल्याच नव्हत्या. मीच कॅन्सल केलं होतं."

तो समोरच बघत होता. मान वळवून बघण्याची सोयच नव्हती. "पाच दिवस मी तळमळतोय, अस्मिता."

"माहीत आहे. फार वाईट वागले मी." सिग्नल हिरवा झाला. "आणि तू त्यांना इंटरनेट म्हणून सांगितलंस."

"बायको फिजिओ आहे म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग इथे कशाला आलास. काय सांगणार होतो?" तो थांबला. "तुझा पेशंट मी एकटाच आहे गं. मला बरं वाटलं नाही की तुझा चेहरा पडतो. तू समोर असलीस की व्यायाम करताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिथे कुणाला वाईट वाटत नाही."

त्याने 'थोडंफार' म्हटल्याचं तिला बोलायचं होतं, पण तेवढ्यात लाँड्रीची पाटी आली.

मिसेस ल्यूंनी तिला आत बसू दिलं. पहिली सुई मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूला गेली. नेमकी त्याच गाठीत, जी अस्मिताच्या अंगठ्याने चार महिने दाबली होती. म्हणजे जागा तिला बरोबर सापडली होती. त्याचं समाधान झालं, पण दहा मिनिटांत सत्यजितला झोप लागली आणि ते समाधान पुन्हा आंबलं. मत्सर असा एका दुपारीत जात नाही, हे तिला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

सुया काढून झाल्यावर मिसेस ल्यूंनी कागद हातात घेतला. सत्यजित उठून बसला आणि त्याने अस्मिताकडे पाहिलं. ती उठली, पर्स घेतली.

"मी बाहेर बसते. तू कर," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत एक अमेरिकन बाई डावा हात उजव्या हाताने पोटाशी धरून बसली होती. पहिल्यांदाच आली असावी. तिने आतल्या दाराकडे बघत दबक्या आवाजात विचारलं, "कशा आहेत या? चांगल्या आहेत का?"

आतून सत्यजितचं मोजणं ऐकू येत होतं, एक, दोन, तीन.

"चांगल्या आहेत," ती म्हणाली. आणि मग राहवेना म्हणून खुर्ची जरा जवळ ओढली. "तुमचा हात कुठवर वर जातो? दाखवा बरं."