चेअरमनच्या राखेसाठी टँकर

सुंदरराव पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन होते. परदेशातली धरणं पाहायला निघाले आणि विमान समुद्रात कोसळलं. देह सापडलाच नाही. गावात, पालीत, रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा करून जाळला. आता राख वाहत्या पाण्यात सोडायची होती, आणि दुष्काळाने बिंदुसरा नदी ठणठणीत कोरडी.

मुलीच्या, शिवकन्येच्या हातून बापाचं एवढंच व्हायचं राहिलं होतं. सोसायटीने ठराव केला, की नदीत एक टँकर ओतावा.

"चेअरमन आधीच समुद्रात हायेत," सेक्रेटरी राधाकिशन कुरकुरला, "पुन्हा काहून बुडवायचं?"

ड्रायव्हर पाशाने कॉक सोडला. पाणी वाळूवर धावलं, तशा बायका घागरी घेऊन मध्येच बसल्या.

"थांब गं पोरी, एवढी भरू दे," शेजारची तुळजाबाई ओरडली.

शिवकन्या राखेचं मडकं धरून थांबली. टँकर रिकामा झाला, पाणी घागरींत गेलं, खाली नुसती ओल राहिली. तिने राख तिथेच ठेवली.

तुळजाबाई परत आली. स्वतःच्या घागरीतलं तांब्याभर पाणी तिने राखेवर ओतलं. राख हातभर वाहिली आणि थांबली.

"झालं," ती म्हणाली. "बाकीचं पाणी समुद्रात चेअरमनपाशी हाय."