मनोरमाबाईंच्या दवाखान्याची तपासणी

हरिश्चंद्र सुर्वे रिटायर झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण तीस वर्षांची खोड काही काढून घेतली नाही. औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलेला माणूस. हॉटेलात बसले तरी आधी पेल्याची कड बघणार, लग्नपत्रिका आली तरी तारीख आणि वार जुळतोय का ते कॅलेंडरशी ताडून बघणार. भाईंदर पूर्वेला राहायला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि सोसायटीत कुणी मिक्सर घेतला तरी लोक म्हणत, आधी सुर्व्यांना दाखवा.

म्हणून २००६च्या दिवाळीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात तो विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना त्यांच्याकडेच वळल्या. केबिन रोडला नवं पॉलिक्लिनिक निघालं होतं. तुमच्या सभासदांसाठी वेगळी वेळ ठेवतो, महिन्याला तपासणी करतो, फक्त संघाचा अधिकृत दवाखाना म्हणून आमचं नाव लावा, असं त्यांचं पत्र आलं होतं. आतापर्यंत निम्म्याहून जास्त सभासद डॉक्टर मनोरमा तेंडोलकरांकडे जात. कुणी म्हणालं, बाईंकडे बसून बसून कंबर धरते. कुणी म्हणालं, ओरडतात फार. दोघीतिघी मात्र बाईंवरून भांडायलाच उठल्या.

"वाद नको," अध्यक्ष दाजी म्हणाले. "हरिश्चंद्रराव, तुम्ही दोन्हीकडे बसून बघा आणि लेखी द्या. त्यावर ठरवू."

हरिश्चंद्र जरा घुटमळले. त्याच पावसाळ्यात चिकनगुनियाने त्यांच्या बायकोचे, आनंदीबाईंचे, सांधे असे धरले होते की तिला पलंगावरून उठता येत नव्हतं. तेव्हा मनोरमाबाई रोज दुपारी दवाखाना आटोपून तीन जिने चढून यायच्या. अशा माणसाची तपासणी करायची? पण नाही म्हटलं तर दुसरा कुणी करणार, आणि तो धड करणार नाही, हेही त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ते परवानगी मागायला गेले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा की काका. पण पेशंट आत असताना तुम्ही बाहेर. आत काय झालं ते पेशंटला विचारा. त्याला सांगावंसं वाटलं तर सांगेल."

हरिश्चंद्रांनी वहीत रकाने आखले. पेशंट किती वाजता आला, किती वेळ बसला, बाहेर आल्यावर त्याला गोळी कधी घ्यायची ते सांगता येतं का. शेवटचा रकाना त्यांना सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. कारखान्यातून गोळी कितीही चोख निघाली तरी माणसाने ती चुकीच्या वेळी घेतली तर काय उपयोग?

आधीचे चार दिवस पॉलिक्लिनिकमध्ये गेले. तिथे टोकन होतं, एसी होता, वीस मिनिटांत नंबर लागत होता. तिथला तरुण डॉक्टर, नीरज, शांत आणि हुशार होता. पण त्याच्याकडून बाहेर पडलेल्या दहा जणांत चौघांनाच गोळ्यांचं नीट सांगता आलं. बाकीचे चिठ्ठी पुढे करत होते.

मनोरमाबाईंकडे माणूस सरासरी सव्वा तास बसत होता. पंखा एकच, तोही बाकाच्या एका टोकाला. मात्र मध्येच बाई दार उघडून बाहेर यायच्या, बाकावरून नजर फिरवायच्या आणि एखाद्या मलूल पोराला सरळ उचलून आत न्यायच्या. कुणी कुरकुरलं तर "तुमचं पोर असतं तर?" एवढंच. गुजराती आजींशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. आणि प्रत्येकाकडून औषध वदवून घ्यायच्या. बाहेर ऐकू यायचं, "मी काय सांगितलं? आता तू सांग. चूक. परत सांग." लोक ज्याला ओरडणं म्हणत होते ते हे होतं. इथे दहातल्या नऊ जणांनी हरिश्चंद्रांना गोळ्या घडाघडा सांगितल्या. त्यांना मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ते स्वतःवर थोडे चिडलेही. तपासणाऱ्याने बाजू घ्यायची नसते.

बाईंकडच्या पाचव्या दिवशी त्यांनी कंपाउंडर गोदूबाईंना विचारलं, "लॅबचे रिपोर्ट आले की कुठे ठेवता?"

"या खोक्यात. बाई बघतात, कोपऱ्यात सही करतात, मग मी लावून टाकते."

"मला आतलं काही वाचायचं नाही. फक्त सगळ्यांवर सही आहे का, तेवढं तुम्हीच बघून सांगा."

गोदूबाई हसल्या आणि एकेक कागद उलटू लागल्या. चाळीसेक कागद झाल्यावर त्यांचा हात थांबला. दोन रिपोर्ट एकमेकांना चिकटले होते. वरच्यावर सही होती, खालच्यावर नव्हती. तो कागद घेऊन त्या आत गेल्या.

मनोरमाबाई बाहेर आल्या तेव्हा तो कागद त्यांच्या हातात होता आणि चेहरा उतरला होता. धाकू म्हणून चेणे गावचा एक शेतकरी. पायाला जखम घेऊन आला होता, भरत नाही म्हणून साखर तपासायला लावली होती. ऐन तापाच्या साथीत रिपोर्ट आला आणि राहून गेला. साखर तीनशेच्या वर होती. रिपोर्टला तेवीस दिवस झाले होते.

"फोन?" हरिश्चंद्रांनी विचारलं.

"नाही. पत्त्यात फक्त चेणे, शाळेच्या मागे, एवढंच आहे." त्या बाकावर बसलेल्यांकडे वळल्या. "माझ्याकडून एक चूक झालीय. एका पेशंटकडे आत्ताच जायला हवं. ज्याला घाई आहे त्याने दुसरीकडे जावं, राग नाही. बाकीच्यांना संध्याकाळी बघते."

रिक्षात हरिश्चंद्रही बसले. बसावं की नाही हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. काशीमीराला ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली. बाई मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत होत्या.

धाकू ओट्यावर पाय पसरून बसला होता. पायाला लुगड्याची चिंधी बांधली होती. डॉक्टरांना दारात पाहून तो उठायला लागला.

"उठू नको. धाकू, तुझा रिपोर्ट माझ्याकडे तेवीस दिवस पडून होता. तुला साखर आहे, खूप आहे. मी तेव्हाच कळवायला हवं होतं. चूक माझी."

धाकूने त्यांच्याकडे पाहिलं. "मना वाटला, काय न्हाय म्हनूनशी तुमी बोलावला न्हाय."

हरिश्चंद्रांना ते वाक्य फार लागलं. निरोप आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, असं माणूस किती सहज धरून चालतो.

बाईंनी चिंधी सोडली. करंगळी काळी पडली होती. त्याच रिक्षातून त्या त्याला सर्जनकडे घेऊन गेल्या, भरती करून घेतल्याच्या कागदावर सही होईपर्यंत थांबल्या आणि संध्याकाळी सहाला दवाखान्यात हजर झाल्या. धाकूची करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

त्या आठवड्यात हरिश्चंद्रांची वही टेबलावर मिटलेलीच राहिली. शेवटी आनंदीबाईंनीच विषय काढला. "अहो, लिहीत का नाही?"

"हे लिहिलं तर बाईंचं नाव जाईल. तुझे सांधे कुणी बघितले ते विसरू?"

"विसरू नका. तेही लिहा. पण त्या माणसाचं बोट गेलं ते गाळायचं असेल, तर तुम्ही बघायला गेलात कशाला?"

ते मनोरमाबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "लिहाच काका. फक्त एक मदत करा. हे पुन्हा होणार नाही असं काहीतरी मला आखून द्या. मला औषध कळतं, कागद कळत नाही."

दोघांनी मिळून एक रजिस्टर केलं. तपासणी सांगितली त्या दिवशीच नाव चढवायचं. रिपोर्ट आला, बघितला, पेशंटला कळवला, तिन्हींना तारीख. कळवल्याशिवाय ओळ खोडायची नाही. रोज पहिला पेशंट आत घेण्याआधी उघड्या ओळी बघायच्या. प्रत्येकाकडून शेजाऱ्याचा का होईना, फोन नंबर घ्यायचा. गोदूबाई म्हणाल्या, वाढीव काम आहे, पण झोप लागेल.

संघाच्या बैठकीत हरिश्चंद्रांनी अहवाल वाचला. सव्वा तास, एकच पंखा, दहातले नऊ, चिकटलेला कागद, करंगळी, रिक्षा, रजिस्टर, सगळं. धाकूचं नाव तेवढं गाळलं. एक जण म्हणाले, "म्हणजे बाईंकडे चूक होते तर."

"होते," हरिश्चंद्र म्हणाले. "पॉलिक्लिनिकमध्येही होत असेल. मी तिथे रिपोर्ट बघायला मागितले होते, मॅनेजर नको म्हणाले. चूक सापडल्यावर माणूस काय करतो ते मला एकाच ठिकाणी बघायला मिळालं. आनंदीला मी तिथेच नेणार. तुमचं तुम्ही ठरवा."

संघाने कुणालाच अधिकृत केलं नाही. ज्याला जिथे जायचं तिथे जावं, असं ठरलं. चार सभासद पॉलिक्लिनिककडे गेले, त्यातले दोघे परत आले. दाजींनी स्वतःहून बाईंच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवून दिला.

जानेवारीत एका सकाळी हरिश्चंद्रांच्या दाराची बेल वाजली. बाहेर पॉलिक्लिनिकचा तो तरुण डॉक्टर, नीरज, उभा होता.

"काका, तुमचा अहवाल कुणीतरी मला वाचायला दिला. ते रजिस्टर कसं आखायचं, सांगाल का? मॅनेजरला न विचारता आलोय."

हरिश्चंद्रांनी त्याला आत घेतलं, आनंदीबाईंना चहा टाकायला सांगितलं आणि रेघा आखायची पट्टी शोधायला कपाट उघडलं.